दोन पगार, एक हप्ता

गृहकर्ज मागायला गेलेल्या तरुण जोडप्याला बँकेत जे प्रश्न विचारतात, त्यांतला एक फार साळसूद असतो: "मॅडमपण नोकरी करतात ना?" उत्तर हो आलं की समोरचा माणूस कीबोर्डवर आणखी एक आकडा टाकतो आणि पडद्यावरची पात्र रक्कम जवळपास दुप्पट होते. मघाशी जे घर आवाक्याबाहेर होतं, ते सहकर्जदाराच्या एका सहीनं आवाक्यात येतं. दोघं खूश होतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण त्याच वेळी आणखी काहीतरी ठरून गेलेलं असतं आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. आतापर्यंत दुसरा पगार हा त्या संसाराचा मोकळा श्वास होता. यापुढची वीस वर्षं तो हप्त्याचा भाग असतो.

घर घ्यावं की तेच पैसे शिकण्यात, जग बघण्यात घालावेत, हा वाद तरुण जोडप्यांत चालतो तेव्हा तो बहुधा भलत्याच जागी अडकतो. एक बाजू म्हणते, भाडं म्हणजे पैसे पाण्यात, घर म्हणजे हक्काचं छप्पर. दुसरी म्हणते, तारुण्य एकदाच येतं, भिंतींत कशाला अडकून पडता. दोघांचाही हिशेब शेवटी किती पैसे गेले आणि किती राहिले इथंच येऊन थांबतो. मला वाटतं, लवकर घेतलेल्या घराची सगळ्यात मोठी किंमत पैशात दिसतच नाही. दोघांपैकी एकानं वर्ष-दोन वर्षं न कमावण्याची मुभा, ही ती किंमत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: हप्ता एका पगारात, तोही दोघांतल्या लहान पगारात, बसत असेल तर घर खुशाल घ्या, पंचविशीत घ्या. तो भागवायला दोन्ही पगार लागत असतील तर अजून थांबा, मग कर्ज मंजूर झालेलं का असेना. कर्ज मंजूर होणं आणि कर्ज पेलणं यांत बँकेला फारसा फरक दिसत नाही. तुम्हाला तो दिसायला हवा.

आधी हप्त्याच्या पोटात काय असतं ते बघू. समजा कर्ज १०० आहे, दर साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. वीस वर्षांत एकूण २०८ परत जातात. हे तसं सगळ्यांना ढोबळमानानं ठाऊक असतं. पण कर्जासोबत परतफेडीचा जो तक्ता मिळतो त्याच्या वरच्या ओळी फारसं कुणी वाचत नाही. पहिल्या हप्त्यातले जवळजवळ ८२ टक्के व्याजाचे असतात. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले, म्हणजे ५२ भरले, तरी मुद्दल कमी होतं फक्त १२ नं. ८८ डोक्यावर उभेच असतात. दर चार टक्क्यांचा धरला तरी पहिल्या हप्त्यातला निम्म्याहून जास्त भाग व्याजाचाच. म्हणजे "भाडं भरून हातात काय येतं?" हा प्रश्न सुरुवातीची पाच-सात वर्षं हप्त्यालाही तितकाच लागू पडतो. वर दुरुस्ती, देखभाल, कर, विमा हे सगळं असतं, आणि भाडेकरूला यातलं काहीच थेट भरावं लागत नाही. पाच वर्षांनी दुसऱ्या शहरात जायची वेळ आली आणि भाव फारसा वाढलेला नसला, तर दलाली, नोंदणी आणि कर यांत ते १२ कुठं गेले ते कळतही नाही.

आता ही पाच-सात वर्षं आयुष्यातली कुठली, ते बघा. रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ साली अमेरिकेतल्या तरुण पुरुषांच्या नोकऱ्यांचा माग काढला. कामाच्या पहिल्या दहा वर्षांत सर्वसाधारण माणूस सात नोकऱ्या करतो, आयुष्यभरातल्या एकूण नोकऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश, आणि त्या काळातल्या पगारवाढीचा निदान एक तृतीयांश भाग नोकरी बदलण्यातून येतो, असं त्यांना दिसलं. अभ्यास जुना आहे, एका देशाचा आहे, त्यात बायका नाहीत. हे सगळं मान्य. तरी त्यातली मूळ गोष्ट आपल्या आसपासही दिसते. सुरुवातीची वर्षं चाचपडण्याची असतात. आपण कशात बरे आहोत, कुठल्या गावात टिकू, कुठला वरिष्ठ सहन होईल, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. नेमक्या याच वर्षांत हप्त्याचं बळ मुद्दलापेक्षा व्याजाकडं सर्वांत जास्त जात असतं. या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या की माणूस नोकरी बदलत नाही. बदलली तरी चार आकडे जास्त मिळतात म्हणून बदलतो, काही शिकायला मिळेल म्हणून कमी पगारावर जात नाही.

वॉरिक विद्यापीठातले अँड्र्यू ऑस्वल्ड यांनी १९९०च्या दशकात याच्याही पुढं जाऊन मांडलं की ज्या देशांत स्वतःच्या घरात राहणारे जास्त, तिथं बेकारीही जास्त. ते विधान मी इतक्या ठामपणे करणार नाही. व्यक्तीच्या पातळीवर केलेल्या अनेक पाहण्यांत घरमालक भाडेकरूंपेक्षा जास्त बेकार आढळले नाहीत. मला त्याचं कारण साधं वाटतं: ज्याच्या मानेवर हप्ता आहे तो बेकार राहूच शकत नाही, मिळेल ती नोकरी धरतो. आकडेवारीत तो कामावर असलेला दिसतो. त्यानं कुठली वाट सोडली, ते दिसत नाही.

दुसऱ्या पगाराची गोष्ट आणखी नाजूक आहे. डेन्मार्कमधल्या नोंदींवरून हेन्रिक क्लेव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे की पहिलं मूल झाल्यावर बाईची कमाई पुरुषाच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागं पडते आणि पुढं कित्येक वर्षं तशीच मागं राहते. पुरुषाच्या कमाईवर जवळपास ओरखडाही उठत नाही. आणि हा देश पाळणाघरं, बाळंतपणाची रजा यांसाठी जगात नावाजलेला. बँक मात्र दोन्ही पगार वीस-तीस वर्षं असेच चढत जातील असं गृहीत धरून बसते. थोडक्यात, ज्या वर्षांत दुसरा पगार डळमळण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्याच वर्षांत तो सगळ्यात जास्त गरजेचा करून ठेवायचा, असा हा व्यवहार आहे.

इथं एक खबरदारी घ्यायला हवी. बायकोचा पगार धरू नका असं म्हणणाऱ्यांचा इतिहास चांगला नाही. अमेरिकेत १९७४ साली समान पतसंधीचा कायदा झाला. त्याआधी कर्ज देणारे बाईचा पगार अर्धाच धरत, कधी अजिबात धरत नसत. काही जण तर जोडप्याकडून मूल होणार नाही अशा अर्थाचं डॉक्टरचं पत्र मागत. तो अपमान संपला ही चांगलीच गोष्ट झाली. तेव्हा बँकेनं बाईचा पगार कमी मोजावा असं मी म्हणत नाही. बँकेनं तो पूर्णच मोजावा. किती उचलायचं ते मात्र घरी बसून दोघांनी ठरवावं, आणि ठरवताना "तिचा पगार गेला तर?" एवढंच विचारून थांबू नये; "त्याचा गेला तर?" हेही विचारावं.

कारण हप्ता दोन पगारांना जखडला की शिक्षण लांबणीवर पडतं, आणि कुणाचं पडतं हे जवळपास आधीच ठरलेलं असतं. समजा ती परिचारिका आहे आणि तिला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा आहे. तो आरेखनाच्या कामात आहे आणि त्यालाही वर्षभर एका चांगल्या माणसाच्या हाताखाली कमी पैशात काम शिकायचं आहे. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडतात. एका रकान्यात दोघांचे पगार, दुसऱ्यात हप्ता, मेंटेनन्स, गाडी, विमा. खाली शिल्लक. ती तिच्या पगाराच्या जागी शून्य टाकून बघते. खालचा आकडा लाल होतो. तो त्याच्या जागी शून्य टाकतो, आणखी लाल. मग दोघं ते शून्य पुसून जुने आकडे परत टाकतात आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणून झाकण बंद करतात. भांडण नाही, रडारड नाही. असं काही वर्षं गेली की प्रवेशासाठीची वयाची नसली तरी मनाची मुदत संपते. त्यात मूल आलं तर विषयच निघत नाही. अशा घरांत पुढं "तिला तसं शिकायचं नव्हतंच" असं सहज म्हटलं जातं, आणि कधी कधी तीच म्हणते.

अमेरिकेत एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची मुलगी अमेलिया यांनी २००३ साली हीच गोष्ट दिवाळखोरीच्या बाजूनं मांडली होती. दोन्ही पगार घराच्या बोलीत ओतले की घरांचे भाव दोन पगारांच्या पातळीला जाऊन बसतात, आणि अडचणीच्या वेळी मदतीला धावणारा राखीव कमावता माणूस घरात उरत नाही. त्यांचा रोख नोकरी जाणं, आजारपण यांसारख्या संकटांवर होता. मी तोच हिशेब चांगल्या संधींनाही लावतो. संकटात राखीव पगार लागतो, तसा शिकायलाही लागतो.

अर्थात, शिकायचं म्हणजे कुठलंही शिकायचं असं नाही. शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की कमाई सरासरी नऊ-दहा टक्क्यांनी वाढते, असं जगभरच्या पाहण्या एकत्र करून जॉर्ज साकारोपुलोस आणि हॅरी पॅट्रिनोस सांगतात. पण सरासरीच्या जोरावर महागड्या संस्थेची वर्षभराची चकचकीत पदवी घेणं म्हणजे नदीची सरासरी खोली पाहून उडी मारण्यासारखं. ज्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली माणसं आज काय करतात हे विचारल्यावर समोरचा माहितीपत्रक पुढं करतो, त्यासाठी घर लांबवू नये. कर्ज काढून केलेलं वाईट शिक्षण कर्ज काढून घेतलेल्या घरापेक्षा वाईट. घर निदान विकता येतं.

अनुभवांबद्दल तर मी जरा साशंकच आहे. वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेला खर्च जास्त समाधान देतो, असं लीफ व्हॅन बोव्हन आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली दाखवलं आणि तेव्हापासून प्रत्येक प्रवास कंपनीला ते तोंडपाठ आहे. पण पुढच्या संशोधनात, २०१८ साली, हेही दिसलं की ज्यांच्याकडं पैसा कमी आहे त्यांना हा फरक फारसा जाणवत नाही. त्यांना उपयोगी वस्तूही तितकंच सुख देते. मोकळेपणानं सांगायचं तर वर्षातून दोनदा विमान पकडून केलेली सहल हा खर्च आहे, गुंतवणूक नाही. जरूर करावी, पण "आम्ही घराऐवजी अनुभव निवडले" असं तिच्या जोरावर म्हणू नये. परक्या गावात सहा महिने राहून काम करणं, नवी भाषा इतपत शिकणं की त्या भाषेत भांडता येईल, नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी उभं करून पडणं, हे अनुभव वेगळे. त्यांना पैशापेक्षा वेळ लागतो. आणि वेळ म्हणजे पुन्हा तोच: एका पगाराविना काढलेले महिने.

घराच्या बाजूनं बोलायला मात्र पुष्कळ आहे आणि ते खाली दाबून माझं म्हणणं पुढं सरकणार नाही. ऑस्कर जोर्डा आणि इतरांनी १६ देशांचे १८७० ते २०१५ पर्यंतचे आकडे गोळा केले, तेव्हा महागाई वजा जाता घरांचा परतावा शेअर बाजाराच्या तोडीस तोड निघाला, आणि चढउतार त्याहून कमी. यात एक मेख आहे: त्या परताव्याचा साधारण अर्धा भाग भाड्याचा, म्हणजे स्वतः राहणाऱ्याच्या बाबतीत वाचलेल्या भाड्याचा आहे, नुसत्या भाववाढीचा नाही. शिवाय तो हजारो घरांच्या सरासरीचा आहे. तुमच्याकडं असतं एकच घर, एका गल्लीत, एका मजल्यावर.

सक्तीच्या बचतीचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. नेदरलँड्सनं २०१३ पासून नव्या कर्जदारांना करसवलत हवी असेल तर मुद्दल फेडत जाण्याची अट घातली. असाफ बर्नस्टीन आणि पीटर काउडाइस यांनी त्याचा परिणाम तपासला. लोकांनी मुद्दलापोटी जेवढं जास्त भरलं, जवळपास तेवढीच त्यांची संपत्ती वाढली. त्यासाठी त्यांनी दुसरी बचत मोडली नाही, खर्च आवरला आणि काम वाढवलं. म्हणजे "भाड्यानं राहून उरलेले पैसे गुंतवू" हे म्हणणाऱ्यांतले किती जण खरोखर गुंतवतात, हा प्रश्न रास्त आहे. बरेच जण गुंतवत नाहीत. हप्ता आणि भाडं यांतला फरक दर महिन्याला पगार जमा झाल्या दिवशीच दुसऱ्या खात्यात वळता होत नसेल, तर थांबण्याचा माझा सल्ला तुमच्या कामाचा नाही. घर घ्या, पण लहान घ्या. फक्त त्या डच अभ्यासातलं "काम वाढवलं" हेही वाचा. बचत आली ती तिथून. ज्या घरात शिकायला वेळच मिळत नाही, तिथं जास्तीचे तास कुणी केले असतील?

घर झालं की आयुष्य मार्गी लागेल, ही आशाही तपासून झाली आहे. बाझेल विद्यापीठातले रेटो ओडरमॅट आणि अलोइस श्टुट्झर यांनी जर्मनीतल्या घर घेणाऱ्यांची पाहणी २०२२ साली मांडली. घर घेतल्यावर माणसं खरंच जास्त समाधानी झाली होती. पण पाच वर्षांनी आपण किती समाधानी असू याचा जो अंदाज त्यांनी बांधला होता, तेवढी नव्हती. मला या निष्कर्षाचे दोन्ही भाग सारखेच खरे वाटतात.

राहता राहिली भीती, आणि खरं तर तीच सगळं चालवते: आत्ता नाही घेतलं तर भाव हातातून निसटतील. कधी कधी निसटतात. थांबलेल्या माणसाचं नुकसान होतं आणि ते भरून निघत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण घाईचाही इतिहास आहे. जपानात १९९१ नंतर जमिनीचे भाव दहा-पंधरा वर्षं उतरत राहिले. अमेरिकेत २००६ नंतर घरांच्या किमती चौथाईहून अधिक घसरल्या. आणि जोडप्यांच्या घाईचं सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथं गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत होती, आणि लग्न न करता एकत्र राहणाऱ्या दोघांनी मिळून घर घेतलं तर दोघांनाही ती वेगवेगळी मिळे. १९८८च्या मार्चमध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी जाहीर केलं की १ ऑगस्टपासून एका घराला एकच सवलत. मधल्या चार-साडेचार महिन्यांत तरुण जोडपी, मित्र, भावंडं जोड्या जमवून घर घ्यायला धावली. भाव भडकले. पुढं व्याजदर चढले, भाव कोसळले, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दहा लाखांहून जास्त घरमालकांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं होऊन बसलं. घर विकून कर्ज फिटत नाही, म्हणून जागा सोडता येत नाही. त्यांतल्या काही जोडप्यांची आपापसातली नाती संपली तरी घर संपलं नाही. शेवटी २००० साली ती सवलतच पूर्ण बंद झाली.

म्हणून हा प्रश्न नुसता जोडप्यांच्या शहाणपणाचा राहत नाही. भाडेकरूला दर वर्षी सामान बांधायची धास्ती असेल तर माणसं घाई करणारच, आणि त्यांना दोष देता येत नाही. जर्मनीत साधारण निम्मी कुटुंबं भाड्यानं राहतात, स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून जास्त, आणि हे काही गरीब देश नव्हेत. जर्मनीत भाडेकरार सहसा बेमुदत असतो. घरमालकाला तो मोडायला कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं. तिथल्या पस्तिशीतल्या जोडप्याला स्वतःचं घर नसणं म्हणजे मागं पडणं वाटत नाही. उलट टोकाला सिंगापूर आहे. तिथल्या गृहनिर्माण मंडळानं १९६४ पासून लोकांना घरं विकत द्यायला सुरुवात केली. आज सुमारे ९० टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात आणि जोडपी लग्नाआधीच फ्लॅटसाठी अर्ज करून ठेवतात. घर लवकर घेणं तिथं परवडतं, कारण सरकारच बांधतं, ९९ वर्षांच्या पट्ट्यावर देतं आणि किमतीचा भार उचलतं. दोन्ही देशांत जोडप्याचा दुसरा पगार थोडाफार मोकळा राहतो, एकीकडं भाडेकायद्यामुळं, दुसरीकडं अनुदानामुळं. जिथं यातलं काहीच नाही, तिथं व्याजावर करसवलत देऊन सरकार तरुणांना मदत करतं असं सांगितलं जातं. त्या सवलतीचा मोठा वाटा घराच्या किमतीत मुरतो आणि विकणाऱ्याच्या खिशात जातो.

कर्जातच शिक्षणासाठी विराम असावा, असं काही जण सुचवतात. तंत्र अवघड नाही; २०२०च्या महासाथीत कित्येक देशांतल्या बँकांनी हप्ते काही महिने थांबवले होते. मलाही ही कल्पना आवडते, पण वरच्याच उदाहरणात ती घालून बघा. पाच वर्षांनंतर ८८ बाकी आहेत. दोन वर्षं हप्ता थांबवला आणि व्याज चढू दिलं तर बाकी होते १०४, म्हणजे घेतलं होतं त्याहून जास्त. त्या दोन वर्षांत फक्त व्याज भरायचं ठरवलं तर हप्ता कमी होतो जेमतेम अठ्ठावीस टक्क्यांनी, आणि गेलेला असतो एक अख्खा पगार. तेव्हा विरामाचं कलम करारात घालून घ्यायला हरकत नाही, पण कर्ज दोन पगारांच्या मापाचं असेल तर त्या कलमाचा उपयोग होत नाही. एका पगाराच्या मापाचं असेल तर ते कलम नसतानाही ती परिचारिका जूनमध्ये प्रवेश घेऊ शकते.